क्लास सोडला तर पैसे कोणाचे?

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत कराटे, तायक्वांदो, ज्युदो, किकबॉक्सिंगच्या क्लासच्या जाहिराती येऊ लागतात. पालक दोन-तीन ठिकाणी चौकशी करतात, महिन्याच्या फीचे आकडे ताडून पाहतात आणि सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत नावाजलेला क्लास निवडतात. या चौकशीत एक प्रश्न सहसा राहून जातो : मुलाने चौथ्या महिन्यात क्लास सोडला, तर भरलेल्या पैशांचे काय होईल? एखाद्या क्लासची फी वाजवी आहे की नाही हे ठरवायला माझ्या मते याहून चांगली कसोटी नाही. महिन्याला सातशे रुपये घेणारा क्लास पिळवणूक करणारा असू शकतो आणि तीन हजार घेणारा पूर्ण सचोटीचा असू शकतो. खरा फरक जोखीम कोणी घ्यायची, यात असतो. ज्या क्लासला शिकवल्याबद्दलच पैसे मिळतात, त्याला दर महिन्याला चांगले शिकवावे लागते. विद्यार्थी घरी बसला तरी ज्याची कमाई चालू राहते, त्याला ती निकड उरत नाही.

या फरकाला एवढे महत्त्व का द्यायचे, हे समजायला व्यायामशाळांवरचा एक अभ्यास उपयोगी पडतो. स्टेफानो देलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच क्लबात जात होते. म्हणजे एक खेप त्यांना १७ डॉलरहून महाग पडत होती. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरला पडली असती. या माणसांना गणित येत नव्हते असे मुळीच नाही. नाव नोंदवण्याच्या दिवशी अंगात जो उत्साह असतो तो पुढेही टिकेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. मार्शल आर्टच्या क्लासात हा अंदाज आणखी चुकतो, कारण फी भरणारा आणि शिकणारा ही दोन वेगळी माणसे असतात. सात वर्षांच्या मुलाचा वर्षभराचा उत्साह आई-वडील जोखतात आणि त्यावर पैसे लावतात. मूल कंटाळेल, शाळेची वेळ बदलेल, वडिलांची बदली होईल, गुडघा दुखावेल, दहावीचे वर्ष येईल. यांपैकी कशाची कल्पना क्लासला नसते असे नाही. शेकडो मुले येताना-जाताना पाहिलेल्या चालकाला गळतीचे प्रमाण पालकांपेक्षा कितीतरी चांगले माहीत असते. ज्याला जास्त माहीत आहे त्यानेच जोखीम कमी घ्यावी, अशी रचना झाली की करार एकतर्फी होतो.

जगात काही ठिकाणी हा प्रश्न न्यायालयात किंवा कायदेमंडळात गेला, तेव्हा उत्तरे याच दिशेने आली. ब्रिटनमध्ये तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाने जिमसाठी सभासदत्वाचे करार तयार करून वसुली करणाऱ्या एका कंपनीविरुद्ध दावा लावला होता. सामान्य ग्राहक आपण किती नियमित जाऊ याचा अंदाज चढा बांधतो आणि व्यवसायाची रचनाच त्या अननुभवाचा फायदा घेण्यासाठी झाली आहे, असे निरीक्षण उच्च न्यायालयाने २०११ साली नोंदवले आणि त्या करारांतली १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ बांधून ठेवणारी कलमे अन्यायकारक ठरवली. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या हेल्थ क्लबविषयक कायद्यात तर मार्शल आर्ट आणि स्वसंरक्षणाच्या शाळांचा नाव घेऊन समावेश आहे. तिथे करार ३६ महिन्यांपेक्षा लांब असू शकत नाही. सही केल्यावर तीन दिवसांत तो मोडता येतो. सभासद २५ मैलांहून दूर राहायला गेला किंवा प्रकृतीमुळे त्याला येणे अशक्य झाले, तरी सुटका मिळते.

आपल्याकडे मार्शल आर्टच्या क्लाससाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि ही पोकळी नेमकी कुठे आहे ते माहीत असलेले बरे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. पण याच सूचनांनी कोचिंगच्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाट्य अशा गोष्टी वगळल्या आहेत, त्यामुळे कराटेच्या क्लासला त्या थेट लागू होत नाहीत. म्हणून पालकाच्या हाती काहीच नाही, असे मात्र समजू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा पैसे देऊन घेतलेल्या सेवेला लागू होतो. त्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ म्हणजे काय ते सांगितले आहे : अवाच्या सवा अनामत मागणे, झालेल्या नुकसानीच्या मानाने बेसुमार दंड लावणे, सबळ कारण नसताना एकाच बाजूला करार मोडण्याचा हक्क देणे, ग्राहकाला अवाजवी अटीत अडकवणे. कलम २(४७) प्रमाणे पावती न देणे आणि सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणे या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. भारतीय करार कायद्याचे १८७२ पासूनचे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते. लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. तेव्हा फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे छापले, म्हणून तो शेवटचा शब्द ठरत नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या खंडपीठाने जानेवारी २०२० मध्ये शिक्षणसंस्था आणि त्यांचे अभ्यासेतर उपक्रम ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, कोचिंग संस्था मात्र कक्षेत ठेवल्या. त्यामुळे शाळेनेच आपल्या फीमध्ये चालवलेला कराटेचा तास आणि बाहेरचा खासगी क्लास यांत तक्रारीच्या दृष्टीने फरक पडू शकतो.

कायद्यापर्यंत जायची वेळ येऊच नये, यासाठी आधी हिशेब नीट मांडायला हवा. महिन्याची फी हा संपूर्ण खर्चाचा एक तुकडा असतो. समजा, एका क्लासची फी १,२०० रुपये आहे आणि महिन्यात एक-एक तासाचे बारा वर्ग होतात. वरवर पाहता तासाला शंभर रुपये पडतात. आता यात प्रवेश फीचे १,०००, गणवेशाचे १,५००, वर्षभरात चार बेल्ट परीक्षांचे प्रत्येकी १,००० प्रमाणे ४,०००, संघटनेच्या ओळखपत्राचे ५००, दोन स्पर्धांच्या प्रवेशाचे २,४००, हातमोजे, शिनगार्ड, हेडगार्डचे ३,००० आणि उन्हाळी शिबिराचे २,५०० धरा. वर्षाचा खर्च १४,४०० वरून २९,३०० वर जातो, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. दिवाळी, परीक्षा, पाऊस आणि सुट्ट्या वजा केल्या तर १४४ ऐवजी ११० तास प्रत्यक्ष शिकवणे होते. मग एक तास २६६ रुपयांना पडतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, शहर आणि गाव बदलले की ते बदलतील. पद्धत मात्र कुठेही तीच राहील. वर्षाचा सगळा खर्च मांडावा, त्याला खऱ्या तासांनी भागावे आणि येणाऱ्या आकड्यानेच दोन क्लासची तुलना करावी. २६६ रुपये हा दर अन्याय्य आहे असे मी म्हणत नाही. एखाद्या कसलेल्या प्रशिक्षकाच्या तासाला तो रास्तच ठरेल. पहिल्या दिवशी शंभर रुपये सांगून वर्षअखेरीस २६६ घेणे यात अन्याय आहे. जो चालक पहिल्याच भेटीत वर्षाचा सगळा खर्च एका कागदावर लिहून देतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

या खर्चात सर्वांत जास्त गैरसमज बेल्टच्या परीक्षांबद्दल आहे. रंगीत पट्ट्यांची माळ ही हजारो वर्षांची परंपरा आहे आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे जणू त्या परंपरेला वाहिलेली दक्षिणा आहे, असे अनेकांना वाटते. इतिहास वेगळा आहे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली ‘दान’, म्हणजे आजच्या ब्लॅक बेल्टच्या पातळीची, श्रेणी दिली. गिचिन फुनाकोशी यांनी ही पद्धत कराटेत आणून १९२४ मध्ये पहिल्या दान श्रेणी दिल्या. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशी आज आपल्याला दिसणारी रंगांची मालिका रूढ होण्यात १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवू लागलेले ज्युदो शिक्षक मिकिनोसुके कावाइशी यांचा मोठा वाटा आहे. युरोपातल्या विद्यार्थ्यांना प्रगती डोळ्यांना दिसावी आणि त्यांनी शिकत राहावे, हा त्यामागचा हेतू होता. पट्टे हे असे शिकवण्याचे साधन आहेत आणि उत्तम साधन आहेत. लहान मुलाला तीन महिन्यांनी मिळणारा पिवळा पट्टा खरोखर बळ देतो. पण साधन म्हणून आलेली गोष्ट उत्पन्नाचा मुख्य स्रोत झाली की परीक्षेचा अर्थ बदलतो. ज्या क्लासचे पोट परीक्षा फीवर चालते त्याला नापास करणे परवडत नाही, आणि जिथे कोणी नापास होत नाही तिथे पास होण्याला किंमत राहत नाही. म्हणून परीक्षेबद्दल चार गोष्टी विचाराव्यात : अभ्यासक्रम लेखी मिळतो का, परीक्षा देणे ऐच्छिक आहे का, नापास झाल्यास पुन्हा पूर्ण फी पडते का, आणि ब्लॅक बेल्टपर्यंतच्या सगळ्या परीक्षांचा मिळून खर्च किती. कराटेत बहुतेक शैलींमध्ये ब्लॅक बेल्टपूर्वी नऊ-दहा क्यू श्रेणी असतात आणि पायऱ्या चढत गेल्यावर फीही वाढत जाते. ‘दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी’ देणारा क्लास कौशल्याची किंमत घेत नाही, तो पट्टाच विकतो.

पट्ट्यासोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. तायक्वांदोमध्ये १९७२ साली सोलमध्ये उभे राहिलेले कुक्कीवॉन हे जगभर मानले जाणारे केंद्र आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिथून ‘दान’ न मिळता ‘पूम’ श्रेणी मिळते. नऊ वर्षांच्या मुलीला ‘कुक्कीवॉनचे ब्लॅक बेल्ट दान प्रमाणपत्र’ देऊ असे कोणी सांगत असेल, तर तेवढ्यावरूनच शंका घ्यायला जागा आहे. कराटेत शैली अनेक, संघटना अनेक आणि श्रेणी देणारी सर्वमान्य अशी एकच संस्था नाही. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द कोणीही छापू शकतो. महाराष्ट्रातल्या पालकांच्या दृष्टीने यात आणखी एक धागा गुंतलेला आहे. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांमधले खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण यांच्या आशेने बरीच कुटुंबे स्पर्धांवर खर्च करतात. या सवलती शासनाने मान्य केलेला खेळ, मान्य संघटना आणि ठरावीक पातळीच्या स्पर्धा यांनाच मिळतात, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. एखाद्या हॉलमध्ये रविवारी भरवलेली, प्रत्येक सहभागी मुलाला पदक देणारी ‘राष्ट्रीय’ स्पर्धा या यादीत बसेलच असे नाही. अशा स्पर्धेचा अनुभव मुलाला उपयोगी असू शकतो. तिची किंमत मात्र अनुभवाइतकीच असावी, नोकरीच्या आशेइतकी असू नये. शंका असल्यास जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारावे आणि मग प्रवेश फी भरावी.

आता मूळ कसोटीकडे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांकडे येऊ. वर्षाची फी एकरकमी भरल्यास सवलत, हा सर्वांत सर्रास दिसणारा प्रस्ताव आहे आणि तो मुळातच वाईट नाही. महिन्याला १,२०० आणि वर्षाला १०,००० असे दोन पर्याय असतील, तर मूल निदान नऊ महिने टिकले पाहिजे. आठ महिन्यांचे ९,६०० होतात, नऊ महिन्यांचे १०,८००. मुलाने आधीच वर्षभर आवडीने क्लास केला असेल तर एकरकमी भरणे शहाणपणाचे. नुकतेच नाव घालणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने महिन्याचे पैसे भरावेत, जरी ते महाग वाटले तरी. तो फरक म्हणजे मोकळेपणाची किंमत आहे आणि ती स्वस्त आहे. शिवाय क्लासच बंद पडला तर आगाऊ रक्कम भरणाऱ्याची गत हातउसने देऊन बसलेल्या माणसासारखी होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीने हे दाखवून दिले, की वर्षाचे पैसे भरलेल्यांना क्लास मिळत नव्हता आणि पैसे परत मिळवायला विनवण्या कराव्या लागत होत्या. कोचिंग आणि फिटनेसच्या धंद्यात आता हप्त्यांची सोय देणारे मध्यस्थही आले आहेत. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे पुढे केले जाते ते बऱ्याचदा वित्त कंपनीचे कर्ज असते. क्लासला सगळी रक्कम एकदम मिळते, पालक कर्जदार होतो आणि क्लास आवडला नाही तरी हप्ता चालूच राहतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांप्रमाणे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक मिळणे आणि ठरावीक दिवसांत कर्जातून बाहेर पडता येणे हा कर्जदाराचा हक्क आहे. पण मुलाच्या कराटेसाठी कर्ज घ्यायला लावणाऱ्या क्लासला नकार देणेच उत्तम.

महिन्याची फी म्हणजे सगळे आलबेल, असेही समजू नये. वर उल्लेखलेल्या अभ्यासात एक चकित करणारी गोष्ट आढळली होती : वर्षाचा करार केलेल्यांपेक्षा महिन्याचा करार केलेले सभासद वर्षानंतरही नाव चालू ठेवण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त होती. कारण वर्षाचा करार मुदतीनंतर आपोआप संपत होता, तर महिन्याची वर्गणी बंद करायला स्वतः पुढाकार घ्यावा लागत होता आणि लोक ते आज-उद्यावर ढकलत होते. यूपीआय ऑटोपे किंवा बँकेच्या स्थायी सूचनेने फी आपोआप कापली जात असेल तर आपल्याकडेही हेच घडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यूपीआय ऑटोपेने रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते आणि ती परवानगी आपल्या ॲपमधून रद्दही करता येते. तरीही जिथे शक्य असेल तिथे दर महिन्याला स्वतःच्या हाताने पैसे भरणे चांगले, कारण त्या निमित्ताने मूल खरेच शिकते आहे का, हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी डोक्यात येतो.

फीशिवाय फॉर्मवरच्या काही अटीही वाचण्यासारख्या असतात. ‘कोणत्याही दुखापतीस क्लास जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य जवळपास सगळीकडे असते. सरावात ओठ फुटणे, बोट मुरगळणे ही या खेळातली ओळखीची जोखीम आहे आणि ती पालकाने मान्य करणे योग्यच. पण मॅट न घालता फरशीवर फेकण्याचा सराव घेणे, वीस किलोच्या मुलासमोर चाळीस किलोचा मुलगा उभा करणे, डोक्याला मार लागल्यावर खेळ चालू ठेवणे हा हलगर्जीपणा आहे आणि छापील वाक्याने तो झाकला जाऊ नये. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्यापासून व्यावसायिकाला हलगर्जीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कराराने टाळता येत नाही. दुसरी अट गणवेश आणि साहित्य क्लासमधूनच घेण्याची. गणवेशावर बोधचिन्ह असावे ही अपेक्षा रास्त आहे, पण बाजारात निम्म्या भावात मिळणारे हातमोजे क्लासमधूनच घ्यावेत ही सक्ती रास्त नाही. तिसरी अट पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांना लागते : ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर अमुक वर्षे स्वतःचा क्लास काढायचा नाही. करार कायद्याचे कलम २७ व्यवसायाला अशी मनाई करणारे करार सामान्यतः निरर्थक ठरवते. चौथी गोष्ट पावतीची. बिलात जीएसटी लावला असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या व्यावसायिकाला सहसा नोंदणी करावी लागत नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर ग्राहकाकडून घेताही येत नाही.

प्रशिक्षकांच्या बाजूचा आक्षेप इथे ऐकून घेतला पाहिजे. हॉलचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते, मे महिन्यात आणि परीक्षांच्या काळात मुले गळतात, आणि चार मुलांनी एकदम सोडले तर महिना तोट्यात जातो. हे सगळे खरे आहे. पुण्या-मुंबईत जागेचे भाव पाहता क्लास चालवणे हा काही मालामाल करणारा धंदा नाही, आणि उत्तम प्रशिक्षकाने सन्मानाने जगावे एवढी फी त्याला मिळालीच पाहिजे. पण या अडचणीवरचा रास्त उपाय मोजून-मापून असतो. सोडण्याआधी एक महिन्याची सूचना मागणे, एकदाच माफक प्रवेश फी घेणे, वार्षिक सवलत घेतलेल्याने मध्येच सोडल्यास झालेल्या महिन्यांची फी पूर्ण दराने कापून उरलेली रक्कम परत करणे, या सगळ्यांतून चालकाचे खरे नुकसान भरून निघते. चौथ्या महिन्यात सोडलेल्या मुलाची आठ महिन्यांची फी ठेवून घेताना मात्र नुकसान भरून निघत नसते, न दिलेल्या सेवेचे पैसे मिळत असतात. उत्पन्न कमी-जास्त होण्याची जोखीम हा व्यवसायाचा भाग आहे. ती थोडी वाटून घेणे ठीक, सगळी पालकाच्या माथी मारणे ठीक नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : मार्शल आर्ट शिकायला चिकाटी लागते, मुले पहिल्या कंटाळ्याला पळ काढतात, आणि वर्षाचे पैसे भरलेले असले की पालक मुलाला नेटाने पाठवतात. चिकाटीबद्दलचे म्हणणे मला पूर्ण पटते. एकच काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) शेकडो वेळा करण्यातूनच अंगी काही मुरते. पण चिकाटी पैशांच्या बंधनातून येते, याला आधार मिळत नाही. हेल्थ क्लबच्या नोंदी नेमके उलटे सांगतात. पैसे भरलेले होते आणि माणसे घरी होती. मूल टिकते ते शिक्षकाने त्याचे नाव घेऊन त्याची चूक सुधारली म्हणून, सोबती मिळाले म्हणून, अंगात जोर आल्याचे त्याला स्वतःला जाणवले म्हणून. पैसे वाया जातील या धाकाने पाठवलेले मूल क्लासात उभे असते, शिकत नसते.

तिसरा आक्षेप आपल्या संस्कारांतून येतो. गुरूकडे कराराची भाषा करायची नसते, असे अनेकांना मनापासून वाटते. कोल्हापूरच्या तालमींत वस्तादाने पोराकडून हिशेब करून पैसे घेतले नाहीत, अमरावतीच्या १९१४ पासून चालत आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्था समाजाच्या आधारावर उभ्या राहिल्या, हे अभिमानाचे आहे. पण तिथे राजाश्रय होता, लोकवर्गणी होती, आणि तालमीत येणाऱ्याला कोणी वर्षाच्या कागदावर सही करायला लावत नव्हते. जिथे दरपत्रक, सवलतीची योजना आणि परतावा नाकारणारे कलम आहे, तिथे व्यवहार आधीच सुरू झालेला आहे. व्यवहाराच्या एका बाजूने नियम छापायचे आणि दुसरीने प्रश्न विचारल्यास तो अनादर मानायचा, हे योग्य नाही. जपानमध्येही गुरूने पैशांचा हिशेब ठेवल्याचे उदाहरण आहे. दाइतो-र्यू ही कला पसरवणारे ताकेदा सोकाकू यांच्याकडे दोन वह्या असत. एकीत शिकायला आलेल्यांची नावे असत, दुसरीत त्यांनी दिलेल्या पैशांची नोंद. आदर आणि हिशेब शेजारी नांदू शकतात, किंबहुना स्वच्छ हिशेबाने आदर टिकतो.

चांगली गोष्ट महागच मिळते, हा समजही तपासून घ्यावा. जास्त फीमागे कारण दिसले पाहिजे : एका प्रशिक्षकामागे कमी मुले, चांगले मॅट, प्रथमोपचाराची तयारी, स्वतः वर्गावर उभे राहणारे मुख्य प्रशिक्षक. वातानुकूलित हॉल आणि भिंतभर पदके हे त्याचे पर्याय नव्हेत. जाहिरातीत ज्यांचे नाव आहे ते आठवड्यातून किती वेळा शिकवतात आणि बाकी दिवस सतरा वर्षांचा ब्राउन बेल्ट वर्ग घेतो का, हे विचारल्याशिवाय फीचा अंदाज बांधता येत नाही. पालकांना वर्ग पाहू न देणाऱ्या क्लासची फी कितीही कमी असली तरी तिथे मुलाला पाठवू नये. मुलीने फक्त स्वसंरक्षण शिकावे एवढीच इच्छा असेल, तर समग्र शिक्षा अभियानातून शाळांमध्ये मुलींसाठी चालणाऱ्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शाळेत आधी चौकशी करावी. त्यासाठी वेगळा खर्च करण्याची गरज नसेलही.

नाव घालण्यापूर्वी मग एवढे करावे. दोन-तीन वर्ग पाहून किंवा करून बघावेत. वर्षाचा सगळा खर्च आणि सोडण्याचा नियम लेखी मागावा. छापील फॉर्म नसेल तर व्हॉट्सॲपवर विचारून उत्तर जपून ठेवावे, वादाच्या वेळी तोही पुरावा होतो. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. प्रश्न विचारताच ज्याची मुद्रा बदलते त्या चालकाचे उत्तर मिळालेच, असे धरून चालावे. एवढे करूनही फसगत झाली तर आधी लेखी मागणी करावी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही आणि वकील देणे बंधनकारक नाही. करारच अनुचित ठरवून हवा असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते.

प्रशिक्षकांनाही एक विनंती. तुमच्यापैकी बहुतेकजण पहाटे उठून, भाड्याच्या हॉलमध्ये, स्वतःच्या अंगाची झीज सोसून मुले घडवता. फी, परीक्षांचे दर, साहित्याचा खर्च आणि क्लास सोडल्यास किती पैसे परत मिळतील, हे एका पानावर मराठीत लिहून दाराशी लावा. ज्याला आपल्या शिकवण्याची खात्री आहे, त्याला विद्यार्थ्याला जाण्याची मोकळीक देताना भीती वाटण्याचे कारण नाही.